हुशारी डब्यात मिळत नाही

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका औषधाच्या दुकानात मी २१ वर्षे काउंटरवर उभा होतो. दुकानाचे नाव सांगत नाही. दोष त्या एका दुकानाचा नव्हता आणि माझाही त्यात वाटा होता. दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्याकडे पावडरीचे डबे खपायचे. डब्यावर मेंदूचे चित्र आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेले असायचे, 'डीएचए'.

एका संध्याकाळी आमच्याच वस्तीतली एक ताई आली. चार घरची धुणीभांडी करून परतत होती. तिने पदराची गाठ सोडली, दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा मोजून ५५० रुपये पुढे केले आणि विचारले, "भाऊ, ह्यानं पोराच्या डोक्यात राहील ना?" मी मान हलवली. सहज म्हणून विचारले, "घरी मासळी होते का?" ती म्हणाली, "आधी सुका बांगडा, सुकट व्हायची. आता बंद केली. पोराला शाळेत चिडवतात, कपड्याला वास येतो म्हणतात."

तेव्हा माझ्या काही लक्षात आले नाही. नंतर वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तसा हा प्रसंग मला बोचू लागला. ज्या पदार्थाचे नाव डब्यावर छापून ५५० रुपयांना विकले जात होते, तो पदार्थ त्या माउलीने लाजेपोटी घरातून काढून टाकला होता. अंडे ७ रुपयांना धरले, तर त्या पैशांत ७८ अंडी आली असती. हा लेख त्या ताईला तेव्हा जे सांगायला हवे होते ते सांगण्यासाठी आहे.

मेंदू कशाचा बनलेला असतो?

चरबी म्हटले की आपल्याला सुटलेले पोट आठवते. पण मेंदूतले पाणी बाजूला काढले, तर उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. मेंदूच्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असते आणि ते या स्निग्ध पदार्थांनी बनते. एका पेशीने रसायनाचा कण सोडायचा आणि शेजारच्या पेशीने तो झेलायचा, असा मेंदूचा कारभार चालतो. सेरोटोनिन, डोपामिन, अ‍ॅसिटिलकोलीन ही त्या रसायनांची नावे. आपला मूड, उत्साह, लक्ष, आठवण यांत त्यांचा हात असतो. रसायन झेलणारे 'हात' पेशीच्या आवरणातच रुतलेले असतात. आवरण लवचीक असेल तर ते नीट काम करतात. ही लवचीकता राखणाऱ्या स्निग्धाम्लांत डीएचए महत्त्वाचे आहे.

डीएचए हे ओमेगा-३ घराण्यातले. दुसरे घराणे ओमेगा-६. दोन्ही घराण्यांचे मूळ स्निग्धाम्ल आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. १९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नीने उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खराब झाली, ती आजारी पडली. स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसते जळण नाही, काही स्निग्धाम्ले जीवनसत्त्वासारखीच आवश्यक आहेत, हे त्यावरून कळले.

जवसासारख्या बियांत ओमेगा-३ चे मूळ रूप असते. त्यापासून शरीर थोडेसेच डीएचए बनवू शकते. मासळीत मात्र ते तयार असते. त्यातही एक अडचण आहे. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ या दोघांनाही शरीरात एकाच दारातून जावे लागते. सकाळची बदलापूर लोकल आठवा. दार एकच आणि फलाटावर गर्दी एकाच घराण्याची असेल, तर दुसऱ्याला आत शिरता येत नाही. आपल्या स्वयंपाकात ओमेगा-६ ची तेले भरपूर आणि ओमेगा-३ नाममात्र, म्हणून आपल्याकडे ही गर्दी कायमची झाली आहे. ओमेगा-६ वाईट नाही, तेही मेंदूला लागते. प्रश्न प्रमाणाचा आहे.

आई, बाळ आणि बेळगावची चाचणी

बाळाच्या मेंदूत डीएचए सर्वांत वेगाने भरते ते पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. पोटात असताना ते आईच्या रक्तातून मिळते, नंतर आईच्या दुधातून. दुधात किती असेल हे आई काय खाते यावर ठरते. पुण्याच्या भारती विद्यापीठातील संशोधकांनी वर्षानुवर्षे गरोदर स्त्रियांचे रक्त तपासून पाहिले आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या आणि दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये डीएचए कमी आढळल्याचे त्यांनी नोंदवले आहे.

मग गोळी देऊन टाकली की झाले, असे कोणालाही वाटेल. ते तपासण्यासाठी आपल्या सीमाभागात, बेळगावात, 'धनी' नावाची एक मोठी चाचणी झाली. ९५७ गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिले, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण डीएचए नसलेली गोळी. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात सुरुवात करून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत हे चालले. बाळे एक वर्षाची झाल्यावर त्यांची वाढ, समज, हालचाली, बोलणे तपासले. दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

हा निकाल डबेवाल्यांच्या जाहिरातीत कधी येणार नाही, म्हणून आपण तो लक्षात ठेवायचा.

दुसरीकडे, २०१८ साली जगभरातल्या ७० चाचण्या आणि जवळजवळ २० हजार स्त्रिया एकत्र घेऊन एक आढावा निघाला. गरोदरपणात ओमेगा-३ मिळालेल्या स्त्रियांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण ११ टक्क्यांनी आणि ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे बाळाला आईच्या पोटात पूर्ण दिवस मिळवून देण्यात ओमेगा-३ चा हात आहे. पण पूर्ण दिवसांच्या बाळाला गोळीने जास्त हुशार करता येते, याला आधार नाही.

शाळकरी मुलांचेही तसेच. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७ ते ९ वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या मुलांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए दिले. २०१२ साली जाहीर झालेल्या निकालात सर्वांत मागे असलेल्या मुलांना थोडा फायदा दिसला. तीच चाचणी त्यांनी पुन्हा केली, तेव्हा २०१८ मध्ये तो फायदा दिसला नाही. निकाल बदलला तर तो जसाच्या तसा सांगणे, याला विज्ञान म्हणतात. डब्यावर फक्त पहिला निकाल छापणे, याला धंदा म्हणतात.

माझे मत असे आहे की मेंदू एका विटेवर उभा राहत नाही. डीएचए दिले, पण आईच्या अंगात रक्तच नसेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह, आयोडीन, बी-१२, प्रथिने, झोप, घरातल्या माणसांचे बाळाशी बोलणे, हे सगळे मिळून मेंदू घडतो. ताटात यातल्या अनेक गोष्टी एकत्र येतात. एका गोळीत त्या येत नाहीत. म्हणून मी डब्याच्या विरुद्ध आणि ताटाच्या बाजूने आहे.

आपल्याच घरात काय आहे?

बांगडा आणि तारली हे तेलकट मासे. स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखतात, पण ओमेगा-३ मध्ये ते महागड्या पापलेटाला हार जाणारे नाहीत. बांगड्याच्या एका मोठ्या तुकडीत ते शेकड्यांनी मिलिग्रॅम असू शकते. तुमच्याकडे डबा असेल तर मागची बारीक अक्षरे वाचा आणि एका पेल्यात किती मिलिग्रॅम येते ते पाहा. आठवड्यातून एक-दोनदा बांगड्याचे कालवण पुरे. तळण्यापेक्षा कालवण बरे.

कोकणातून आलेल्या घरांत आगोटीला सुकी मासळी भरून ठेवायची रीत होती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हीच बेगमी कामी येते. उन्हात वाळवताना ओमेगा-३ थोडे कमी होते, तरी सुका बांगडा आणि सुकट हे प्रथिनांचे आणि खनिजांचे चांगले अन्न आहे. बोंबलात चरबीच कमी, त्यामुळे ओमेगा-३ ही कमी. तो प्रथिनांसाठी खावा. रक्तदाब असणाऱ्यांनी सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन, बेताने खावी. गरोदर बाईने मोरीसारखे मोठे मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठतो. आणि वालधुनीच्या पाण्यात कारखान्यांचे काय काय मिसळते ते आपल्याला सांगायला नको. तिथे धरलेली मासळी फुकट मिळाली तरी नको.

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या घरांत जवस असतो. तो मंद आचेवर भाजायचा, मीठ, तिखट, लसूण घालून कुटायचा. आख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. दहा ग्रॅम जवसातून साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ चे मूळ रूप मिळते, म्हणून रोज एक-दोन चमचे चटणी पुरते. एकदम किलोभर कुटू नका, ती लवकर खवट होते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काम करणाऱ्या भावांना ठाऊक असेल की लाकडाला लावायला जवसाचे तेल वापरतात. हवा लागली की ते सुकून घट्ट होते म्हणून. त्याच गुणामुळे ते तळणाला चालत नाही. आणि रंगाच्या दुकानातले ते तेल चुकूनही पोटात जाऊ देऊ नका.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात. अळिवात लोह आहे आणि ओमेगा-३ चे मूळ रूपही आहे. गरोदरपणात मात्र अळीव देऊ नये असे आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात, तो नियम पाळावा. पावसाळ्यात बदलापूर, अंबरनाथला आदिवासी भगिनी रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीतली घोळ ही ओमेगा-३ च्या बाबतीत पालेभाज्यांत वरचढ आहे. ज्यांनी मांस-मासळी सोडली आहे त्यांच्यासाठी जवस, अळीव, घोळ हा रस्ता आहे. आणि एक गैरसमज: बदाम चांगलाच, पण त्यात ओमेगा-३ जवळजवळ नाही. पोराच्या बुद्धीसाठी कर्ज काढून बदाम आणू नका.

आता तेलाबद्दल. सूर्यफूल आणि करडईचे तेल ओमेगा-६ ने भरलेले. शेंगदाणा तेलात ओमेगा-३ नाही. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून रेशनवर जे पामतेल मिळाले, त्यातही ते नाही. सोयाबीनच्या तेलात थोडे असते, मोहरीच्या तेलात त्याहून जरा जास्त. शेजारच्या उत्तर भारतीय घरातल्या ताईकडून मोहरीच्या तेलाची भाजी शिकून घ्या. एकच तेल वर्षभर वापरण्यापेक्षा दर महिन्याला तेल बदलणे चांगले. सगळ्यांत आधी हात आखडायचा तो वनस्पती तुपावर आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या काळ्या तेलावर. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती चरबी हृदयाला घातक म्हणून ही मर्यादा आली.

लाज कशाची?

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. आपल्या माणसांच्या ताटात काय होते आणि ते का होते, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. तो माणसाच्या मानाचा प्रश्न होता, कारण ते अन्न लादलेले होते. बाजारातून घामाच्या पैशाने आणलेला बांगडा लादलेला नाही. घर भाड्याने देताना 'मासळी शिजवणार नाही ना?' असे विचारणारे आपल्याला भेटतात. पोराला डब्यावरून चिडवणारे भेटतात. त्यांच्या नाकाच्या सोयीसाठी आपल्या मुलांच्या ताटातले चांगले अन्न काढायचे का, हे आपणच ठरवायचे आहे.

एका अंड्याची गोष्ट

अंड्यात चांगली प्रथिने आहेत, बी-१२ आहे, थोडे डीएचए आहे आणि कोलीन आहे. या कोलीनपासूनच शरीर अ‍ॅसिटिलकोलीन बनवते, जे आठवणीच्या कामात लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. आठवड्याला एकच, पण सुरुवात होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून करावे असे सांगण्यात आले. तामिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलांना अंडे मिळते. आपल्या मुलांना आठवड्याला एकसुद्धा परवडत नाही, हे मला पटत नाही. वर्गणी काढू शकणारी शाळा श्रीमंत वस्तीतली असते. आमच्या वस्तीतल्या शाळेने कोणाकडे हात पसरायचा?

आळवी नगरीतली कथा आपण विहारात ऐकली आहे. हरवलेला बैल शोधून थकलेला शेतकरी उपदेश ऐकायला आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. भुकेल्या माणसाला शिकवता येत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते. शासनाच्या फायलीला अजून कळायचे आहे.

मनाचा आजार असेल तर

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण काउंटरवर मी याचे नुकसान पाहिले आहे. उदासीनता, भास होणे, झोप उडणे यांवर मासळी किंवा जवस हा उपचार नाही. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या १८ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत रोज ओमेगा-३ घेऊनही उदासीनता टळली नाही, असा निकाल २०२१ मध्ये आला. काही रुग्णांना मूळ औषधाच्या जोडीला डॉक्टर ओमेगा-३ देतात, ते डॉक्टरांनी ठरवायचे. चालू औषध बंद करून कॅप्सूल घेऊ नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊच नका. बोलायला कोणी नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा शासनाचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येते.

आता काय करायचे?

दोन कामे सुचवतो. पहिले घरातले. डब्याचे पैसे महिनाभर बाजूला ठेवा. त्यातून अंडी, बांगडा, पावशेर जवस आणा. विहारातल्या महिला मंडळाने वर्षावासातल्या एका रविवारी जवसाची चटणी कुटून दाखवली, गरोदर भगिनींना बोलावून हे सगळे समजावले, तर एका दुपारचे काम आहे.

दुसरे बाहेरचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. उल्हासनगर महापालिकेच्या, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या शाळांत या समित्यांवर आपलीच माणसे आहेत. पुढच्या बैठकीला जा. अंड्याचा निधी परत सुरू करावा, असा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत शिक्षण विभागाकडे पाठवा. एका शाळेचा ठराव फायलीत पडून राहील. तिन्ही शहरांतून पन्नास ठराव गेले, तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल.

आणि त्या ताईला, ती हे वाचत असेल तर: ताई, तुझा बांगडाच बरा होता. त्या दिवशी मी मान हलवली, ती चूक होती.